शर्यत संपेपर्यंत पलीकडे

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी कोलशेतला आमच्या इमारतीसमोरचा गतिरोधक काढण्यात आला. काम सुरू झाले तेव्हा आई अंघोळीला गेली होती. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा रोलर निघूनही गेला होता.

"बाहेर काय झालं?" तिने विचारले.

"कुठे काय?"

"गाड्या हळू होत नाहीयेत."

मी खिडकीतून पाहिले. जिथे गतिरोधक होता तिथे नव्या डांबराचा काळा, सपाट चौकोन होता. एक माणूस खराट्याने उरलेली खडी कडेला लोटत होता. दुपारपर्यंत त्या रस्त्यावरचे बाकीचे गतिरोधकही काढून झाले.

कारण सायकल शर्यतीचे होते. अनेक दिवस चालणारी व्यावसायिक शर्यत, परदेशी संघांसह, राज्यात येणार होती. तिचा पहिला टप्पा ठाण्यातून सुटणार होता: कोलशेत, बाळकूम, कशेळीचा पूल, कोन, दुर्गाडी, कल्याण, तिथून मुरबाडवरून माळशेज घाट. मुख्य रस्त्याचा एक तुकडा खोदलेला असल्यामुळे शर्यत आमच्या रस्त्याने वळवली होती. शंभराच्या आसपास सायकली एकमेकींच्या चाकाला चाक लावून येतात तेव्हा रस्त्यात उंचवटा चालत नाही. पुढचा पडला की मागचे त्याच्यावर पडतात. हे मला माहीत होते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना परदेशातल्या अशा शर्यतींच्या बातम्या माझ्याकडे यायच्या. शेवटच्या पानावर जागा उरली तर मी त्या चार ओळींत बसवायची.

गतिरोधक कधी बांधला, ते मला सापडले नाही. आम्ही डोंबिवलीहून इथे राहायला आलो तेव्हा तो होता. तो उंच आणि अरुंद होता, आणि दोन्ही टोकांना पदपथापर्यंत पोचत नव्हता. त्या फटीतून दुचाक्या वेग कमी न करता निघून जायच्या. बाकी सगळ्या गाड्या त्यावर आपटायच्या.

आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे हे कळते, अंतर कळत नाही. रस्ता ओलांडायला अंतर कळावे लागते. तिने त्यावर उपाय काढला होता. ती पदपथाच्या कडेला काठी टेकून उभी राहायची आणि ऐकायची. इंजिनाचा आवाज खाली येतो, पुढची चाके आपटतात, मग मागची. त्यानंतर चालक गिअर बदलून वेग घेईपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. दोन्ही बाजूंच्या गाड्या आपटल्या की तिचे पाऊल पडायचे. रिक्षा कोणती, टँकर कोणता, कंपनीची बस कोणती, हे तिला पाठ होते. फटीतून जाणाऱ्या दुचाक्यांसाठी ती काठी आडवी धरायची. बरेच जण थांबायचे. जे थांबायचे नाहीत त्यांना ती शाळेतल्या आवाजात बोलायची, मग तेही थांबायचे.

रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर तिची मैत्रीण एकटी राहते. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत आणि शस्त्रक्रियेला ती तयार नाही. आई तिला 'मॅनेजर' म्हणते. ती बँकेत मॅनेजर कधीच नव्हती, हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाली. ती आईला 'बाई' म्हणते, कारण आई डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. रोज दुपारी जेवण झाल्यावर आई एकटी रस्ता ओलांडून तिच्याकडे जायची आणि दोघी मिळून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवायच्या. मॅनेजर वाचायची, आई उत्तर द्यायची.

"एकीला डोळे नाहीत, एकीला गुडघे," मॅनेजर म्हणायची. "दोघी मिळून एक धड बाई होते."

हे शब्दकोडे सोमवारी चुकले.

मंगळवारी सकाळी रस्त्याच्या कामावरची कनिष्ठ अभियंता डांबराचा चौकोन तपासायला आली. विशीतली असावी. डोक्यावर पिवळी टोपी, हातात मोजपट्टी. मी आईला घेऊन खाली गेले.

"हा काढायला कोणी सांगितलं?" आईने विचारले.

"शर्यतीसाठी काढलाय, आजी. सगळ्या मार्गावरचे काढलेत."

"आणि परत कधी?"

"शर्यत संपली की लगेच."

"लगेच म्हणजे?"

"आजी, मी दिव्याहून लोकलने येते. रोज उशीर होतो. पण येते की नाही? तसाच तोही येईल."

"आजी म्हणू नका. तुमची खरी आजी इथे राहत असती तर तुम्ही तो काढला नसतात."

"मग काय म्हणू?"

"बाई म्हणा. सगळे म्हणतात."

"बरं, बाई." तिने मोजपट्टी गुंडाळली. "शर्यत संपली की. नक्की."

त्या दुपारी मी आईला हात धरून पलीकडे नेते म्हणाले. ती म्हणाली, "हात धरून नेलंस की मी पार्सल झाले. आज तू नेशील, उद्या वॉचमन नेईल, परवा मी विचारायचंच सोडून देईन." दोघींनी शब्दकोडे फोनवर करून पाहिले. मॅनेजरच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन, आणि चष्मा खाली घसरत होता.

"फोन धरू की पेन धरू की नाक धरू?" ती म्हणाली. "तू ये बाई इथे."

"कशी येऊ?"

 कोडे अर्धे राहिले.

शर्यतीच्या दिवशी, गुरुवारी, सकाळीच रस्ता बंद झाला. दोन्ही बाजूंना बॅरिकेड लागली. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्वयंसेवक झाले होते. केशरी जाकीट, गळ्यात शिटी. आमच्या गेटसमोरची जागा त्यांच्याकडे होती. लोक बाल्कन्यांत आणि पदपथावर जमू लागले होते. काहींनी घरून खुर्च्या आणल्या होत्या.

आई खाली आली, पदपथाच्या कडेला उभी राहिली आणि तिने कान दिला. एकही गाडी नव्हती. तिने काठी पुढे टाकली.

सेक्रेटरींनी शिटी वाजवली. "ओ मावशी, रस्ता बंद आहे."

"कळतंय. म्हणूनच निघाले."

"बंद म्हणजे ओलांडायलाही बंद."

"सोमवारपासून उघडा होता, तेव्हा ओलांडता आला नाही. आज बंद आहे तर जाऊ द्या."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले. मग रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिले. तिथे पोलिसांच्या एका मोटारसायकलशिवाय काही नव्हते. "पटकन जा," ते म्हणाले. आई पटकन गेली नाही, नेहमीच्या चालीने गेली. पलीकडे मॅनेजर तळमजल्याच्या ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली होती. तिने दुसरी खुर्ची पुढे सरकवली. मी अलीकडेच राहिले, म्हणून शर्यत आम्हा दोघींच्या मधून गेली.

आधी मोटारसायकली आल्या, मग लाल झेंडा लावलेली गाडी, मग पुढे निसटलेले तिघे. थोड्या अंतराने मुख्य घोळका आला. रस्ता या पदपथापासून त्या पदपथापर्यंत भरला. जर्सींचे रंग वेगळे ओळखता आले नाहीत. कोणी घंटी वाजवली नाही, कोणी ओरडले नाही. एकाने रिकामी बाटली कडेला टाकली, ती घरंगळत मॅनेजरच्या ओट्याशी थांबली. घोळका गेला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे काका मोबाईल अजून उभा की आडवा धरायचा ते ठरवत होते. मागून छतावर सायकली लावलेल्या संघांच्या गाड्या गेल्या.

आवाज कसा होता, हे मी आईला नंतर विचारले. ती म्हणाली, "सुपातून तांदूळ पाखडताना होतो ना, तसा. फक्त सूप खाडीएवढं."

लोक उठू लागले. खुर्च्या दुमडल्या जाऊ लागल्या.

"चला, संपलं," मॅनेजर म्हणाली. तिचा आवाज रस्त्याच्या या बाजूलाही येतो.

"थांब," आई म्हणाली. "एक येतोय."

कोणालाच काही दिसत नव्हते. मग वळणावर एकटा सायकलस्वार आला. सुटल्यानंतर लगेच कुठेतरी पडला असावा. एका बाजूची जर्सी फाटली होती आणि गुडघ्यातून पोटरीवर रक्त आले होते.

"गुडघा फुटलाय गं मेल्याचा," मॅनेजरने आईला सांगितले. "माझ्याहून वाईट. आणि बघ कसा चालवतोय."

आईने टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी. त्याच्या मागे रुग्णवाहिका होती आणि तिच्या मागे एक व्हॅन. व्हॅनला मागच्या बाजूने झाडू बांधला होता.

"बाई, गाडीला झाडू बांधलाय."

"दृष्ट लागू नये म्हणून असेल."

मी नंतर खुलासा केला. ज्याला पुढे जाता येत नाही तो त्या व्हॅनमध्ये बसतो. त्याच्या पाठीवरचा क्रमांक काढून घेतात. झाडूची ती जुनी पद्धत आहे. शर्यत जाताना मागचा रस्ता झाडून घेते.

व्हॅन गेली आणि बॅरिकेड उघडली. सकाळपासून अडवलेली वाहने एकदम सुटली. ट्रक, टँकर, शाळेच्या बस, रिक्षा. सपाट रस्त्यावर कोणीही वेग कमी करत नव्हते. आई परत यायला पलीकडच्या कडेला येऊन उभी राहिली आणि बराच वेळ तशीच राहिली. शेवटी मी हात दाखवत, दोनदा मागे सरत, तिच्यापर्यंत पोचले.

"चल, हात धर."

"नको."

"मग काय करणार आहेस?"

"शर्यत संपली की येते."

"संपली की आत्ता."

"इथून गेली. संपली कुठे? तूच म्हणालीस, कोल्हापूरला संपते."

मी मॅनेजरकडे पाहिले. "माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे पलंग रिकामा आहे. फक्त हिला सांग, पहाटे उठून गायचं नाही."

अशा रीतीने आई रस्त्याच्या पलीकडे राहायला गेली. मी तिचे डोळ्यांत घालायचे थेंब, दोन साड्या, उशी आणि रेडिओ पोचवला. उशी चुकीची निघाली म्हणून पुन्हा गेले.

त्याच दुपारी आईची एक माजी विद्यार्थिनी कल्याणच्या दुर्गाडी पुलाजवळून बोलली. ती शर्यत बघायला तिथे थांबली होती आणि तिथल्या कार्यालयात परत जायच्या आधी तिला आईची आठवण झाली.

"बाई, तुमच्या कोलशेतवरून आलेले इथून गेले मघाशी."

"शेवटचा गेला का? गुडघा फुटलेला?"

"तसा कोणी... हो, हो. गेला. सगळ्यात मागे होता, पण पुढच्या दोघांना गाठत होता."

"नीट बघितलंस ना?"

"बाई, मी आता चाळीस वर्षांची आहे."

"म्हणून विचारतेय."

माळशेजचा घाट त्या दिवशी कोणी जिंकला, हे मी चार वाजता जाऊन सांगितले. आईला ते आधी नको होते. तिने विचारले, "शेवटचा पोचला का?" पोचला होता. वेळेची मर्यादा असते. विजेत्यापेक्षा ठरावीक वेळेहून जास्त उशीर झाला तर सायकलस्वार बाद होतो. तो मर्यादेच्या आत होता. त्याच्या मागे त्या दिवशी आणखी दोघे आले.

तेव्हापासून रोज दुपारी टप्पा संपला की मी रस्ता ओलांडून बातमी द्यायची. नोकरीत असताना मी बातमीचा सांगाडा उलटा करून घ्यायची, निकाल आधी, तपशील नंतर. इथे दोन वाचक होत्या आणि दोघींना वेगवेगळा निकाल हवा होता. मॅनेजरला पिवळी जर्सी कोणाकडे आहे ते हवे होते. आईला शेवटचा आहे की नाही ते हवे होते. ती त्याला 'शेवटच्या बाकावरचा' म्हणू लागली होती.

"आज जिंकला तो वेगळा आणि पिवळा वेगळा?" आईने दुसऱ्या दिवशी विचारले.

"रोजची वेळ मिळवत जातात. सगळ्या दिवसांची मिळून ज्याची कमी, तो पिवळा."

"रोजचं व्याज निराळं, शिल्लक निराळी," मॅनेजर म्हणाली. "सोपं आहे."

"सोपं बँकवाल्यांना," आई म्हणाली. "आमच्यात चाचण्या असायच्या. एका चाचणीत पहिला आला म्हणून वर्षात पहिला येत नाही. आणि शेवटच्या बाकावरचा वर्षभर शाळेत आला, हीच मोठी गोष्ट."

"तो जिंकायला आलेला नाहीच," मी सांगितले. "संघातल्या मुख्य गड्याला पाण्याच्या बाटल्या आणून देणं, वारा लागू नये म्हणून त्याच्यापुढे चालवणं, हे त्याचं काम. काम झालं की तो मागे पडतो."

"म्हणजे क्लार्क," मॅनेजर म्हणाली.

"पडून, गुडघा फोडून घेऊन?"

"क्लार्कचं काय कमी फुटतं?"

तो बाल्टिक समुद्राकाठच्या एका लहान देशाचा होता. मॅनेजरने पैज लावली की तो तिसऱ्या दिवशी झाडूच्या गाडीत बसणार. हरणाऱ्याने गूळपोळ्या करायच्या. तिसऱ्या दिवशी तो आला, चौथ्या दिवशीही आला. गूळपोळ्या मॅनेजरने खुर्चीवर बसून लाटल्या आणि आईने तव्यावर उलटल्या. आई वासावरून उलटते. त्यातल्या दोन फुटल्या, त्या माझ्या वाट्याला आल्या.

मी मोबाईलवर टप्प्याची चित्रफीत लावून आईच्या कानाशी धरली. तिला तो पाखडण्याचा आवाज पुन्हा ऐकायचा होता. समालोचक सतत बोलत होता.

"हा माणूस गप्प बसेल का?" ती म्हणाली. "सायकली ऐकू दे ना जरा."

शब्दकोडे रोज होत होते. एकदा मी दारात पोचले तेव्हा आतून वाद ऐकू आला.

"हाताने वारा घालण्याचे साधन. तीन अक्षरी. पंखा दोन अक्षरी होतो."

"विंझणा."

"हा शब्द कोणाच्या आजीने ऐकलाय?"

"माझ्या. लिही."

मॅनेजरने लिहिला. तो बसला.

ओट्यावर घरंगळत आलेली बाटली मॅनेजरने धुऊन ठेवली होती. ती दाबली की झाकणातून पाण्याची बारीक धार येते. तिने ती कुंड्यांना पाणी घालायला घेतली. वाकावे लागत नाही, असे तिने सांगितले.

आमच्या घरात त्या दिवसांत कुकर एकदाच लागत होता. रेडिओ नव्हता. सकाळी चहा झाल्यावर खिडकीत उभे राहिले की समोर तळमजल्याच्या ओट्यावर दोन खुर्च्या दिसायच्या. एकीत बसलेली बाई वर्तमानपत्र वाचायची, दुसरीतली मान रस्त्याकडे वळवून बसायची. पहाटेच्या गाण्याबद्दल तक्रार आली नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारले, तर मॅनेजर म्हणाली, "गाते. पण सूर बरा आहे."

शर्यत पुढच्या मंगळवारी कोल्हापुरात संपली. पिवळी जर्सी शेवटच्या टप्प्यात बदलली नाही. संपूर्ण शर्यतीच्या अंतिम यादीत शेवटच्या बाकावरचा शेवटून दुसरा होता.

"बढती मिळाली," मॅनेजर म्हणाली.

आईने त्याच संध्याकाळी साड्या घडी करून पिशवीत भरल्या. पिशवी दाराशी ठेवली.

बुधवारी गतिरोधक आला नाही. मी अभियंत्याला फोन केला. तिने सांगितले की बाळकूमच्या बाजूने काम सुरू झाले आहे, आमचा क्रमांक शुक्रवारी. "बाईंना सांगा, उशीर झाला, पण निघालोय." आईने पिशवीतून एक साडी परत काढली.

शुक्रवारी सकाळी गरम डांबर आले. आई ओट्यावर बसून सगळे काम ऐकत होती. मीही तिथे गेले होते. अभियंत्याने लाकडी साचा ठेवला, डांबर ओतले, रोलर फिरवला, साचा पुन्हा लावून उंची पाहिली. गतिरोधक आता रस्त्याच्या या पदपथापासून त्या पदपथापर्यंत होता. फट ठेवली नव्हती.

दुपारनंतर रस्ता उघडला. पहिली रिक्षा गेली, मग कंपनीची बस, मग पाण्याचा टँकर. आई उठून उभी राहिली, पुन्हा बसली.

"आपटत नाहीयेत," ती म्हणाली.

हे खरे होते. जुना गतिरोधक अरुंद आणि उंच होता, नियमात बसणारा नव्हता. नवा रुंद आणि गोलाकार होता. गाड्या वेग कमी करत होत्या, चढत होत्या, उतरत होत्या, आणि त्यांचा आवाज बाकीच्या रस्त्याच्या आवाजात मिसळून जात होता. अभियंता पलीकडे ओट्याशी आली.

"चांगला झालाय ना, बाई? आता कोणाची कंबर धरणार नाही."

"माझी पंचाईत झाली."

"का?"

"मला ऐकू येत नाही तो."

अभियंत्याला आधी कळले नाही. आईने तिला काठी टेकून उभे राहून दाखवले: पुढची चाके, मागची चाके, मग पाऊल. अभियंता तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही डोळे मिटून दोन-चार गाड्या ऐकल्या.

"जुन्यासारखा उंच करता येतो का?" मी विचारले.

"नाही. तो चुकीचाच होता." तिने रस्त्याकडे बोट दाखवले. "पण अजून पट्टे राहिलेत. ते साध्या रंगाचे नसतात, गरम करून ओततात, जाड असतात. गतिरोधकाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना टाकायचेच आहेत. त्यांच्यावरून चाक गेलं की वाजतं."

"कसं वाजतं?" आईने विचारले.

अभियंत्याने आईच्या हातातली काठी मागून घेतली आणि ओट्याच्या लोखंडी जाळीवरून आडवी ओढली.

"असं."

आईने काठी परत घेतली आणि स्वतः एकदा जाळीवरून ओढून पाहिली.

"पट्टे कधी?"

"सोमवारी."

"ही शेवटची तारीख ना?"

"बाई, पट्टे झाल्याशिवाय माझंही काम पूर्ण होत नाही."

शनिवार आणि रविवार गेले. शर्यत संपल्यामुळे दुपारी सांगायला बातमी नव्हती, तरी मी जात होते. मॅनेजरने विचारले की पुढची शर्यत कुठे आहे. मी पाहून सांगितले की त्यातले बरेच संघ आता आखातात जाणार आहेत, वाळवंटातल्या शर्यतीसाठी. शेवटच्या बाकावरच्याचे नाव त्याच्या संघाच्या यादीत होते. आई म्हणाली, "गुडघा बरा झाला असेल तर बरं." मॅनेजर म्हणाली, "आता उंट आडवा आला नाही म्हणजे मिळवली."

सोमवारी दुपारी पट्टे टाकण्यात आले. लोखंडी पेटीतून पांढरा रंग वाफ सोडत रस्त्यावर उतरत होता. रंग वाळेपर्यंत दोन्ही बाजूंना शंकू ठेवले होते. संध्याकाळी ते उचलले. अंधार पडू लागल्यामुळे आई त्या दिवशी निघाली नाही. ती ओट्यावर बसून ऐकत राहिली. रिक्षा पट्ट्यांवरून एक प्रकारे वाजते, बस दुसऱ्या प्रकारे, असे तिने मॅनेजरला सांगितले. मोटारसायकलींचाही आवाज आता येत होता, कारण त्यांना जायला फट नव्हती.

"म्हणजे जुन्यापेक्षा बरा?" मॅनेजरने विचारले.

"वेगळा आहे. शिकावा लागेल."

"मग राहा अजून चार दिवस. शिक."

"तुझे पोहे खारट असतात."

"तरी अकरा दिवस खाल्लेस."

मंगळवारी सकाळी मी खिडकीत होते. आई पलीकडच्या पदपथाच्या कडेला येऊन उभी राहिली. पिशवी खांद्याला, काठी हातात, उशी काखेत. मॅनेजर दारापर्यंत आली होती आणि चौकटीला धरून उभी होती. एक बस पट्ट्यांवरून गेली, एक टँकर गेला, दुसऱ्या बाजूने दोन रिक्षा गेल्या. आई हलली नाही. आणखी एक मोटार पट्ट्यांवर वाजली, गतिरोधकावर चढली, उतरली. समोरून येणारी मोटारसायकल पट्ट्यांवर वाजून हळू झाली. आईने काठी पुढे टाकली.

ती नेहमीच्या चालीने रस्ता ओलांडून गेटमध्ये आली. जिना चढून वर आली. दार मी उघडले. तिने उशी माझ्या हातात दिली आणि चहा मागितला.

दुपारी जेवण झाल्यावर ती शब्दकोड्यासाठी एकटी पलीकडे गेली.